दहा पौंडांचे घर

इंग्लंडच्या दक्षिणेला, ईस्ट ससेक्समधल्या आल्फ्रिस्टन गावात, सेंट अँड्र्यूज चर्चला लागून गवताने शाकारलेले एक जुने घर आहे. ‘क्लर्जी हाउस’ म्हणजे पाद्र्याचे घर, हे त्याचे नाव. घडण मात्र त्या भागातल्या सुखवस्तू शेतकऱ्याच्या घराची. वय सुमारे सहाशे वर्षे.

घराचा भार भिंतींवर नाही, ओकच्या सांगाड्यावर आहे. ओक ओला असेतो तासायला सोपा, वाळला की भलताच टणक. म्हणून सुतार ओलेच लाकूड घडवत आणि खाचांमध्ये बसवून सांध्यांत लाकडी खुंट्या ठोकत. सुकताना सांधे आवळत, खांब-तुळयाही जराशा वाकत. अशा घरांचा तिरकेपणा पाहणाऱ्याला मोहक वाटतो. बराचसा तो ओल्या लाकडाचा प्रताप. खांबांमधली जागा विणलेल्या काटक्यांनी भरून वर माती, गवत आणि शेणाचा लेप देत. कोकणातला कुड पाहिलेल्याला हे निराळे सांगायला नको.

मधले दालन जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळे. त्या काळी अशा घरांना धुराडे नसे. दालनाच्या मध्यावर जमिनीवरच विस्तव पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. दोन्ही टोकांना दुमजली खोल्या, त्यांचा वरचा मजला थोडा पुढे आलेला. छप्पर मात्र सगळ्यांवर एकच, त्यामुळे मधला भाग आत दबल्यासारखा दिसतो. उतार चांगला तीव्र, कारण पाणी चटकन ओघळले नाही तर गवत कुजते. दालनाची जमीन खडूच्या चुऱ्याची. तिच्यावर आंबलेले दूध ओतून ती घट्ट केलेली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घर मोडकळीला आले होते. गावचे पाद्री बेनन यांनी ते वाचवण्यासाठी खटपट केली. जुन्या वास्तू जपण्यासाठी 1895 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ते पुढच्याच वर्षी 10 पौंडांना घेतले. ट्रस्टने विकत घेतलेली ही पहिलीच इमारत. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या कित्येक पट होता आणि त्यासाठी संस्थापकांपैकी ऑक्टेव्हिया हिल यांनी लोकांकडे हात पसरले. राजवाडा किंवा किल्ला न निवडता शेतकऱ्याच्या घडणीचे पडके घर निवडले, यातच या संस्थेची दृष्टी दिसते.

दालनातल्या एका तुळईवर ओकचे पान कोरलेले आहे. ट्रस्टचे बोधचिन्हही ओकचेच पान. ते इथूनच घेतले असे सांगतात, पण खात्री कोणी देत नाही.