सौताड्याचा धबधबा आणि खिशातली साखर

"फिरायला जा म्हणता, पण डॉक्टर, जायचं कुठं?" हा प्रश्न आमच्या मांजरसुंब्यात मला महिन्यातून दोन-चारदा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचेही काही चुकत नाही. आपले गाव चौकात वसलेले. एक रस्ता धुळे-सोलापूर महामार्गाचा, दुसरा अहिल्यानगरकडून पाटोद्यावरून येऊन केजकडे जाणारा. रात्रंदिवस मालट्रकांची वर्दळ. पहाटे रस्त्याच्या कडेने चालायचे म्हणजे जीव मुठीत धरून चालायचे. महाबळेश्वर-लोणावळा म्हणावे, तर चार माणसांच्या कुटुंबाचा महिन्याचा किराणा एका दिवसात खलास.

माझे उत्तर ठरलेले आहे. सकाळच्या एसटीत बसा, सौताड्याला जा आणि संध्याकाळी घरी या. पाटोदा ओलांडून जामखेडच्या दिशेने गेले की पाटोदा तालुक्यातच हे गाव लागते. गावापासून थोडे चालले की जमीन एकाएकी संपते आणि समोर खोल दरी उघडते. विंचरणा नदीचे पाणी बालाघाटच्या कड्यावरून सुमारे दोनशे फूट खाली कोसळते. दरीत रामेश्वर महादेवाचे मंदिर आहे. वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात असे काही आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मात्र हा धबधबा बारमाही नव्हे. पाऊस चांगला झाला तर श्रावणापासून दसऱ्यापर्यंत त्याची शोभा पाहून घ्यावी. दुष्काळी वर्षी नुसता काळा कडा दिसतो.

खर्चाचे म्हणाल तर एसटीचे तिकीट आणि घरून बांधून नेलेली भाकरी, एवढाच. त्यातही २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट मिळू लागले. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या मंडळींनाही अर्धेच तिकीट आहे, फक्त वयाचा पुरावा खिशात ठेवावा. ज्या घरात औषधाच्या चिठ्ठीवरच्या पाचांपैकी तीनच गोळ्या विकत घेतल्या जातात, त्या घराला ही सवलत किती मोलाची आहे हे मला दवाखान्यात बसून कळते.

एसटीत शिरल्यावर जागा बघून बसावे. कंबरदुखीच्या माणसाने मागच्या चाकावरचे आणि अगदी शेवटचे बाक टाळावे, कारण प्रत्येक खड्ड्याचा हिशेब तिथे मणक्यातून चुकता होतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावे, नजर लांब रस्त्यावर ठेवावी आणि गाडीत पेपर वाचू नये (हे सदरसुद्धा!). उपाशीपोटी गाडी कमी लागते असा समज आहे, तो खरा नाही. थोडे कोरडे खाऊन निघावे. गोळी घ्यायची तर निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी. ओकारी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. आपल्याकडच्या बहुतेक बायका प्रवासाला निघाल्या की सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कारण सर्वांना ठाऊक आहे, वाटेत सोय नसते, असली तर आत पाय ठेववत नाही. पण दिवसभर पाणी न पिता, लघवी तुंबवून, उन्हात चढउतार केल्याने दोन दिवसांनी लघवीला जळजळ आणि थंडीताप घेऊन त्याच बायका माझ्यासमोर येतात. पाण्याचा घोट घेत राहा. एसटी स्थानकावर उतरलात की गरज वाटो न वाटो, एकदा जाऊन या. बरोबरच्या पुरुषांनी यासाठी दहा मिनिटे थांबायला तोंड वाकडे करू नये.

आता सौताड्याच्या दरीविषयी. डोंगरावरच्या देवाला जाताना आधी चढण असते. दम लागला की माणूस अर्ध्यातून परत फिरतो आणि उतार त्याला सांभाळून खाली आणतो. सौताड्याला नेमके उलटे आहे. आधी उतरण, मागून चढण. खाली जाताना गार वारा, अंगावर तुषार, सोबत गप्पा, त्यामुळे साठीच्या माणसालाही आपण पंचविशीत आहोत असे वाटते. परीक्षा परतीच्या वाटेवर होते, आणि तोपर्यंत दुपार झालेली असते, पोट रिकामे असते, पाय थकलेले असतात. ज्याला हृदयविकार आहे, जिना चढताना छातीत दडपते किंवा नुकतीच अँजिओप्लास्टी झाली आहे, त्याने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाली उतरू नये. बाकीच्यांसाठी सोपी खूण अशी, की चढताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. वाक्य पुरे होण्याआधी दम तुटत असेल तर थांबावे.

गुडघेदुखीवाल्यांना चढण्यापेक्षा उतरणे जास्त जाचते. पायरी उतरताना शरीराच्या वजनाच्या काही पट भार गुडघ्यावर येतो. अशांनी काठी घ्यावी, आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. आमच्या गल्लीतल्या एक मावशी तीन वर्षे गुडघ्याचे निमित्त सांगून घराबाहेर पडत नव्हत्या. त्यांना आम्ही बरोबर नेले. त्या खाली उतरल्याच नाहीत. वरूनच, कड्यापासून सुरक्षित अंतरावर, चादर अंथरून तीन तास पाणी पाहत बसल्या, शेंगा खाल्ल्या, शेजारी बसलेल्या अनोळखी बाईशी सुनेच्या गोष्टी केल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "डॉक्टर, रात्री गोळीवाचून झोप लागली." मी त्याचे श्रेय धबधब्याला देतो, त्या शेंगांना देतात.

पण त्याच दिवशी दरीतल्या वाटेवर जे घडले, त्यासाठी आजचा हा लेख आहे. श्रावणातला सोमवार, दर्शनाला गर्दी. आम्ही वर येत असताना पायऱ्यांवर घोळका दिसला. साठीचे एक काका बसले होते. सदरा घामाने चिंब, हात थरथरत होते, आणि ते बायकोवर भलतेच ओरडत होते, तिला नावाने ओळखतही नव्हते. घोळक्यात दोन पक्ष पडले होते. एक म्हणत होता हार्टचा झटका, दुसरा म्हणत होता अंगात आले आहे. एक तरुण त्यांना पाठुंगळीला मारून वर न्यायला निघाला होता, तर कोणी नाकाला कांदा लावत होते.

मी त्यांच्या बायकोला विचारले, "मामी, यांना शुगर आहे का?"

"आहे की, दहा वर्षं झाली."

"सकाळी गोळी घेतली?"

"घेतली तर! गोळी चुकवू नका म्हणून तुम्हीच डाक्टर लोक सांगता."

"आणि पोटात काय आहे?"

"सोमवार नाही का आज? कालच्या रात्रीपासून नुसता चहा, तोही बिनसाखरेचा."

वाचकहो, सगळे निदान या चार वाक्यांत आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या, म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, आणि इन्सुलिनचे इंजेक्शन, ही औषधे तुम्ही जेवला आहात की नाही हे विचारत बसत नाहीत. ती आपले काम करून रक्तातली साखर उतरवतात. त्यात चालण्याने स्नायू आणखी साखर ओढून घेतात. भरीला उपवास. साखर सत्तरच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक सुरू होते. आणखी उतरली की मेंदूलाच खुराक कमी पडतो आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो, चिडतो, प्यायल्यासारखा वागतो. तशीच उतरत गेली तर झटके येतात, बेशुद्धी येते, आणि वेळेत साखर मिळाली नाही तर जीवही जातो. वाढलेली साखर वर्षानुवर्षे पोखरते, घटलेली साखर तासाभरात घात करते.

दरीत दुकान नाही. पण मामींच्या पूजेच्या पिशवीत पंचामृतासाठी आणलेल्या साखरेची पुडी होती, अर्धी उरलेली. काका शुद्धीवर होते, गिळत होते. तीन चमचे होतील एवढी साखर पेल्यात कालवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटे तिथेच बसवून ठेवले. घाम ओसरला, पण बोलणे अजून अडखळत होते, म्हणून तेवढीच साखर पुन्हा दिली. थोड्या वेळाने काकांनी उपरण्याने कपाळ पुसले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तुम्ही कोण?" मामी रडू लागल्या. मग त्यांना दोन केळी आणि राजगिऱ्याचा लाडू खायला लावला, कारण नुसत्या साखरेने आलेली तरतरी फार वेळ टिकत नाही आणि गोळीचा अंमल दिवसभर चालूच असतो. उपवास मोडला का, ही मामींची शंका होती. केळे, लाडू आणि साखर उपवासाला चालतात, तेव्हा देवाचीही हरकत नसावी. अर्ध्या तासाने, हळूहळू, थांबत थांबत ते स्वतःच्या पायांनी वर आले. त्यांच्या गावच्या डॉक्टरांना त्याच दिवशी हे सांगायचे, असे मी मामींकडून कबूल करून घेतले. अशा माणसाच्या गोळीचे प्रमाण पुन्हा ठरवावे लागते.

तेव्हा मधुमेही माणसाने दरी उतरताना साखरेची पुडी स्वतःच्या खिशात ठेवावी, बायकोच्या पिशवीत नव्हे आणि वर ठेवलेल्या डब्यात तर नव्हेच. ग्लुकोजची पूड असेल तर उत्तम. लाडू, पेढा, चॉकलेट या कामाला कच्चे. मांजरसुंब्याची रबडी एवढी नावाजलेली, पण याप्रसंगी तिचाही उपयोग नाही, कारण दुधातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. (साखर घटलेली नसताना रबडी खावी का, याचे उत्तर माझ्या मधुमेही रुग्णांना पाठ आहे, आणि ते परतीच्या वाटेवर चौकात उतरून काय करतात हेही मला ठाऊक आहे.) माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, पाणी श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून १०८ ला फोन लावावा. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो, आणि रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांना थरथर-धडधड जाणवतच नाही, केवळ घाम येतो, हे ध्यानात असावे. श्रावणात उपवास करायचाच असेल तर महिना लागण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून त्या दिवसाची गोळी कशी घ्यायची ते ठरवून घ्यावे. आपल्या मनाने गोळी बंद करणे हा दुसरा घोटाळा.

पाण्याबद्दल थोडेसे. धबधब्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी ते वरच्या शेतांतून, गोठ्यांजवळून आलेले असते. कावीळ आणि हगवणीला तेवढे पुरे. घरचे उकळलेले पाणी न्यावे. जुलाब लागलेच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाजत राहावे. धबधब्याखाली उभे राहण्याचा मोह तरुणांनी आवरावा. शेवाळावर बूट-चप्पल काहीच टिकत नाही, आणि वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण पाहता पाहता वाहून गेले. पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की सामान तिथेच टाकून वर चढावे. आपला २०२५ चा सप्टेंबर आठवा. दुष्काळी म्हणवणाऱ्या मराठवाड्यात नद्यांनी काय रूप दाखवले ते सर्वांनी पाहिले आहे.

ज्यांना इतके लांब झेपत नाही त्यांच्यासाठी कपिलधार आहेच. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे कार्तिकी पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते, पण पावसाळ्यातल्या आडवारी शांतता असते आणि तिथलाही धबधबा मन निववतो. मांजरसुंब्याहून अर्ध्या दिवसात जाऊन येता येते.

परतीची शेवटची गाडी कितीला आहे, हे सकाळी उतरल्याबरोबर विचारून ठेवावे आणि तिच्या आधीची गाडी धरावी. अंधारात फाट्यावर उभे राहून मिळेल त्या जीपला लोंबकळणे हा त्या दिवसातला सर्वांत धोक्याचा भाग ठरू शकतो. घरी आल्यावर पाय कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. मधुमेह्यांनी तळवे आरशात पाहावेत, फोड आला असेल तर तो फोडू नये. चालण्याचा परिणाम रात्रभर राहतो, म्हणून त्या दिवशी रात्रीचे जेवण टाळू नये आणि यंत्र असेल तर झोपण्यापूर्वी साखर तपासावी. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि मांड्या भरून येतात, ते दोन-तीन दिवसांत आपोआप उतरते. एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागली किंवा गुडघ्यात पाणी झाले तर मात्र तेल चोळत बसू नका, दवाखान्यात या.