मदत आधी, दाखला नंतर

हैदराबादच्या अंबरपेठ भागातील सरकारी शाळेत पहिलीत बसणाऱ्या मुलांच्या घरी एकच भाषा नसते. गोलनाका, बाग अंबरपेठ, मुसीकाठच्या वस्त्या इथून ही मुले येतात. बऱ्याच घरांत तेलुगू, कित्येक घरांत उर्दू किंवा दखनी, आणि काचीगुडा-बरकतपुऱ्यापासून इथपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या काही घरांत मराठी. २०२२-२३ पासून तेलंगण सरकारने आपल्या शाळांत पहिली ते आठवीला इंग्रजी माध्यम आणले, म्हणजे या भाषांच्या जोडीला आणखी एक भाषा आली. अशा वर्गात वर्ष संपत आले तरी एखादे मूल दोन अक्षरे जोडून वाचू शकत नसेल, तर त्याचे कारण काय समजायचे? भाषा नवी आहे, नजर कमी आहे, एका कानाने ऐकू येत नाही, बौद्धिक वाढ मंद आहे, की बाकी सगळे ठीक असून फक्त वाचन-लेखनाचीच अडचण आहे? वरून पाहता ही पाचही मुले सारखीच दिसतात. गप्प बसतात, वही कोरी ठेवतात, हळूहळू शाळा चुकवू लागतात. त्यांना वेगवेगळे ओळखणे हे विशेष शिक्षणाचे पहिले काम. आपली व्यवस्था हे काम करायला निघते खरी, पण मदतीसाठी दाखल्याची वाट पाहत बसते आणि नेमकी तिथेच मुले हातची जातात.

ही व्यवस्था कागदावर कमकुवत नाही. दिव्यांग व्यक्तींचा हक्क कायदा २०१६ साली झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांना त्यात स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधी २०११ च्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे रकाने आठच होते आणि अध्ययन अक्षमतेला त्यात रकानाच नव्हता. म्हणजे वाचता न येणारे, पण एरवी चलाख असलेले मूल देशाच्या हिशेबातच नव्हते. ज्यांची मोजदाद झाली त्यांचेही चित्र समाधानकारक नव्हते. त्याच जनगणनेनुसार ५ ते १९ वयोगटातील दिव्यांग मुलांपैकी ६१ टक्के शिकत होती, तर २७ टक्के मुलांनी शाळेची पायरीच चढलेली नव्हती. नव्या कायद्याच्या सोळाव्या कलमाने शाळांवर स्पष्ट जबाबदारी टाकली की अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखायची आणि तिच्यावर मात करण्यासाठी योग्य शैक्षणिक उपाय योजायचे. सतराव्या कलमाने दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करायला सांगितले.

प्रत्यक्षात मुलाचा प्रवास साधारण असा होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरमधून झाली. त्याचे फिरते पथक सरकारी शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येऊन जन्मजात व्यंगे, कुपोषणाच्या खुणा, आजार आणि विकासातले विलंब तपासते, असे अपेक्षित आहे. दुसरीकडे वर्गशिक्षकांसाठी एनसीईआरटीने 'प्रशस्त' नावाची तपासणीसूची आणि तिचे मोबाइल अ‍ॅप तयार केले आहे. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षक भरतात. ज्या मुलांबद्दल शंका येते त्यांचा दुसरा भाग विशेष शिक्षक किंवा मुख्याध्यापक भरतात. अशा निरीक्षणात विचारायचे प्रश्न साधे असतात. मूल पुस्तक डोळ्यांजवळ नेते का? हाक मारल्यावर एकच कान पुढे करते का? फळ्यावरचे उतरवताना ओळ गाळते का? तोंडी उत्तर बरोबर देते, पण तेच लिहायला सांगितले की अडते का? त्यानंतर मूल्यमापन शिबिर, वैद्यकीय मंडळ आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. तेलंगणात पालकांच्या तोंडी 'सदरम' शिबिर हेच नाव आहे. पुढे मदत मिळते ती 'भविता' केंद्रातून. मंडल पातळीवरच्या या केंद्रांत समावेशक शिक्षणाचे साधनव्यक्ती मुलांना शिकवतात, फिजिओथेरपी मिळते आणि जे मूल अंथरुणावरून उठू शकत नाही त्याच्या घरी जाऊन शिकवण्याचीही सोय आहे. समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे आणि मुलींना दरमहा २०० रुपये विद्यावेतन मिळते.

दृष्टी, श्रवण आणि चालण्या-फिरण्यातल्या अडचणी यांच्यासाठी हा प्रवास बऱ्यापैकी चालतो, कारण त्या दिसतात आणि मोजता येतात. चष्मा लागतो, श्रवणयंत्र मिळते, कॅलिपर बसतो. कोंडी होते ती न दिसणाऱ्या अडचणींची. २०१८ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेसाठी शाळेने तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, मुलाची चाचपणी करायची आणि प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच द्यायचे. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. यामागे शास्त्रीय कारण आहे. लहान वयात वाचनाचा वेग मुलागणिक फार वेगळा असतो, त्यामुळे सहाव्या वर्षी ठाम निदान करणे धोक्याचे असते. पण दुसरीकडे जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' मोहिमेचे उद्दिष्ट असे की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे. तेलंगणाच्या 'तोलिमेट्टु' कार्यक्रमाचा हेतूही पायाभूत वाचन-लेखनाचाच. म्हणजे ज्या तीन वर्षांत वाचन पक्के व्हायचे, ती संपत येतात तेव्हा कुठे दाखल्याचे दार उघडते. चौथीपासून पुस्तक वाचूनच बाकीचे विषय शिकायचे असतात आणि मूल तिथे रिकाम्या हाताने पोचते. निदान थांबू शकते. शिकवणे थांबवता येत नाही. या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या गेल्या आहेत, हा व्यवस्थेतला मूळ दोष आहे.

अंबरपेठसारख्या बहुभाषी वस्तीत हा दोष दुपटीने जाणवतो. तेलुगू लिपीतली प, व आणि ष ही अक्षरे इतकी मिळतीजुळती आहेत की नव्याने शिकणारे कोणतेही मूल त्यांत गोंधळते. उर्दूतल्या बे, पे, ते या अक्षरांचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म यांची तीच कथा. म्हणून घरी मराठी किंवा उर्दू बोलणारे मूल तेलुगू अक्षरांत चुकले म्हणून त्याला लगेच अध्ययन अक्षमता चिकटवणे चूक. आणि 'भाषा नवी आहे, येईल हळूहळू' म्हणत तीन वर्षे सोडून देणे ही तितकीच मोठी चूक. खरा पुरावा मिळतो तो मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत तपासल्यावर. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणीमालिका तयार केली, तिच्या पहिल्या संचात हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषा होत्या. भारतीय भाषांत प्रमाणित साधने करता येतात हे त्यातून सिद्ध झाले. पण वर्गातल्या शिक्षकाला रोज वापरता येईल अशी आणखी एक साधी कसोटी आहे. अडलेल्या मुलाला काही आठवडे जवळ बसवून, थोड्या वेगळ्या रीतीने आणि जास्त सराव देऊन शिकवायचे. अडचण फक्त नव्या भाषेची असेल तर मूल झपाट्याने पुढे सरकते. अडचण खोल असेल तर तेच अडखळणे पुन्हा पुन्हा दिसते. यात मदत आणि ओळख दोन्ही एकाच कामात होतात.

ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेत विशेष शिक्षणाचा कायदा १९७५ चा. पुढे अनेक वर्षे तिथे मुलाची बुद्धिमत्ता आणि त्याची शैक्षणिक प्रगती यांत मोठी तफावत दिसल्याशिवाय अध्ययन अक्षमता मान्य होत नसे. तफावत मोठी व्हायला मूल आधी पुरेसे मागे पडावे लागे. २००४ च्या दुरुस्तीने ती सक्ती काढली आणि आधी शिकवून, मुलाचा प्रतिसाद पाहून ठरवण्याची वाट मोकळी केली. फिनलंडनेही २०११ मध्ये सर्वसाधारण, वाढीव आणि विशेष अशा तीन पायऱ्यांची मदत आखली होती. आपल्याकडचा कायदाही याला आडवा येत नाही. २०१६ च्या कायद्यात 'दिव्यांग व्यक्ती' आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असलेली 'लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती' अशा दोन व्याख्या आहेत. सहा ते अठरा वर्षे मोफत शिक्षणाच्या विशेष हक्कासाठी दुसरी व्याख्या लागते. शाळेने लवकर ओळखावे, वर्गात गरजेनुसार सोय करावी, हे सांगणारे सोळावे कलम मात्र ४० टक्क्यांची अट घालत नाही. पहिल्या बाकावर बसवायला, मोठ्या अक्षरांतला पाठ द्यायला, तोंडी परीक्षा घ्यायला कोणत्याही मंडळाचा शिक्का लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की दाखल्याविना मदत सुरू केली तर कुणीही सवलत मागेल. हा आक्षेप पैशाच्या आणि परीक्षेच्या सवलतींना लागू पडतो, शिकवण्याला नाही. महाराष्ट्राने १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली आणि त्यासाठी मुंबईतल्या शीवसारख्या सार्वजनिक रुग्णालयांतून तपासणी करून प्रमाणपत्रे दिली. तिथे दाखला हवाच, कारण गुणांचा आणि इतर विद्यार्थ्यांना न्याय देण्याचा प्रश्न असतो. विद्यावेतन, आरक्षण, लेखनिक यांसाठीही तो असावा. पण दुसरीतल्या मुलाला रोज वीस मिनिटे वेगळा सराव दिला आणि नंतर कळले की त्याला अक्षमता नव्हती, तर कुणाचे काय नुकसान झाले? मूल वाचायला शिकले, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलावर शिक्का बसेल, नातेवाईक काय म्हणतील, मुलीचे पुढे कसे होईल, या भीतीने अनेक पालक तपासणीच नाकारतात. ही भीती खोटी नाही. पण वर्गाने त्या मुलाला 'ढ' ठरवलेले असते आणि तो शिक्का कोणत्याही कागदापेक्षा घट्ट असतो. उलट, मदत आधी आणि दाखला नंतर हा क्रम ठेवला तर पालकांना सुरुवातीलाच रुग्णालयाचा रस्ता दाखवावा लागत नाही. आधी मुलात फरक दिसतो, शिक्षकांवर विश्वास बसतो आणि मग तपासणीला होकार मिळणे सोपे जाते. शिवाय रोजंदारीवर जाणाऱ्या पालकांचा रुग्णालयाच्या एकेका फेरीत दिवस बुडतो, मजुरी जाते. सिकंदराबादच्या मनोविकासनगरात १९८४ पासून बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. देशभरातून लोक तिथे येतात, पण अंबरपेठच्या आईला ती शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिने तिथवर जावे यासाठी आधी शाळेने तिच्यासाठी काहीतरी केलेले असले पाहिजे.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो सर्वांत रास्त आहे. एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. त्यात हे कुणी करायचे? उत्तर वर्गशिक्षकाच्या माथी आणखी काम मारणे हे नाही, त्याच्या जोडीला माणूस देणे हे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना मंजूर पदे अधिसूचित करण्याचे आदेश पुन्हा द्यावे लागले, यावरून किती पाणी अजून वाहायचे आहे ते कळते. तेलंगणाच्या २०२४ च्या डीएससी शिक्षक भरतीतील ११,०६२ पदांत विशेष शिक्षणाची १,०१६ पदे होती. महाराष्ट्राने त्याच वर्षी शाळांच्या केंद्र (समूह) पातळीवर ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांना मान्यता दिली. ही पावले योग्य दिशेने आहेत. मात्र हा शिक्षक फक्त दाखला असलेल्या मुलांची नोंदवही सांभाळणारा झाला, तर पदे भरूनही हेतू साधणार नाही. आठवड्यातून ठरावीक दिवशी पहिली-दुसरीच्या वर्गात बसणे, वर्गशिक्षकाबरोबर मुले हेरणे आणि त्यांचा सराव आखून देणे, हे त्याच्या कामात लेखी असायला हवे.

विशेष शाळांचे काय, असेही विचारले जाते. तीव्र बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी त्यांची गरज आहेच. जवळची शाळा की विशेष शाळा ही निवडही कायद्याने दिलेली आहे. पण ज्यांची अडचण ओळखलीच गेली नाही अशी मुले कोणत्याही विशेष शाळेत जात नाहीत. ती गल्लीतल्या सरकारी शाळेतच असतात आणि तिथेच त्यांचे भवितव्य ठरते.

म्हणून शाळांनी एक नियम पाळावा. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलाचे निरीक्षण पूर्ण व्हावे आणि शंका आलेल्या मुलाची मदत त्याच महिन्यात सुरू व्हावी. दाखल्याची प्रक्रिया मागाहून चालू राहील. पालकांनीही गप्प बसू नये. मूल अडते आहे असे वाटले तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, 'भविता' केंद्राच्या साधनव्यक्तीला भेटण्याची वेळ मागावी आणि घरी कोणती भाषा बोलली जाते ते आवर्जून सांगावे. हे मागणे उपकाराचे नाही. कायद्याने ते शाळेचे कर्तव्य ठरवले आहे.