दुरून रुग्णतपासणी

साथीच्या रोगात वैद्यापुढे एक विलक्षण पेच उभा राहतो. रुग्णास पाहिल्यावाचून निदान होत नाही. आणि दवाखान्यात गर्दी झाली, तर रोग तेथूनच फैलावतो. २०२० साली कोविडच्या साथीत हा पेच गावोगाव जाणवला. कुंभकोणमनजीकचे साक्कोट्टै घ्या. या जिल्ह्याचे वैद्यकीय महाविद्यालय तंजावरला; कुंभकोणमपासून ते सुमारे ४० किलोमीटर. वाहने थांबली, की एवढे अंतरही दुर्लंघ्य होते.

देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध झाले. सल्ला नोंदणीकृत डॉक्टरांनीच द्यावा, रुग्णाची ओळख पटवावी, मादक द्रव्यांच्या कायद्याखालील औषधे या मार्गाने देऊ नयेत, असे त्यांत सांगितले होते. १३ एप्रिलला ‘ई-संजीवनी’ची बाह्यरुग्णसेवा सुरू झाली, आरंभीच्या महिन्यांत तिचा वापर करणाऱ्या राज्यांत तामिळनाडू अग्रेसर होते.

अमेरिकेत वैद्यकीय विद्यार्थी अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोफत दवाखाने चालवितात. त्यांपैकी अनेकांनी २०२० साली दूरध्वनीचा आश्रय घेतला. भारतात मे २०२१ मध्ये डॉक्टरांची उणीव भासू लागली, तेव्हा एम.बी.बी.एस.च्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी अध्यापकांच्या देखरेखीखाली सौम्य रुग्णांची दूरध्वनीवरून विचारपूस करावी, असा निर्णय केंद्र शासनाने घेतला.

अशा विचारपुशीत काय साधते? ताप किती, मिनिटाला श्वास किती, हे घरीच मोजता येते. बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर नखातून लाल व अवरक्त प्रकाश सोडते. प्राणवायुयुक्त आणि प्राणवायुविरहित रक्त हे दोन्ही प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषते. त्यावरून प्राणवायूचे प्रमाण कळते. ते ९४ टक्क्यांखाली उतरल्यास डॉक्टरांना तत्काळ कळविणे अवश्य. कोविडमध्ये काही रुग्णांना धाप लागण्यापूर्वीच प्राणवायू घटलेला असतो. म्हणून ‘बरे वाटते’ या उत्तरावर विसंबून चालत नाही. रोजचा आकडा लिहून ठेवावा लागतो.

नोंदीचे हे महत्त्व तंजावरला नवे नाही. राजे सरफोजी दुसरे (१७७७–१८३२) यांच्या काळच्या नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.

तथापि दूरध्वनीवरून पोट चाचपता येत नाही, छातीचा आवाज ऐकता येत नाही. ज्या वृद्धापाशी दूरध्वनी नाही, त्याच्यापर्यंत ही सेवा पोचतच नाही. त्याच्या दाराशी कोणी तरी गेलेच पाहिजे. दूरवैद्यकाचे खरे कार्य दवाखान्याची जागा घेणे हे नव्हे. कोणी घरी राहावे आणि कोणाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे, हे वेळीच ठरविणे, हेच त्याचे कार्य होय.