बर्फाचे मैदान

मुलांनो, उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या हातगाडीवर बर्फाची लादी तुम्ही पाहिली असेल. तो ती गोणपाटात गुंडाळून ठेवतो, तरी तिचे पाणी होतच राहते. गोवंडीच्या उन्हात एवढीशी लादी टिकवणेही कठीण! मग ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी बर्फाची लादी कशी टिकत असेल? पोलादी पात्यांचे बूट घालून खेळाडू तिच्यावर वेगाने घसरत जातात, गिरक्या घेतात, हॉकी खेळतात. या लादीलाच बर्फाचे मैदान किंवा आइस रिंक म्हणतात.

असे मैदान तयार करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत निसर्गाची. हिमाचल प्रदेशातील शिमला शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. तेथे १९२० साली बर्फाचे मैदान सुरू झाले. हिवाळ्यात संध्याकाळी मोकळ्या जागेवर पाणी शिंपडतात. रात्रीच्या थंडीने ते गोठते. असे थरावर थर चढवतात. खेळाडू सकाळी लवकर खेळून घेतात, कारण ऊन चढले की बर्फ मऊ पडतो. ढगाळ रात्री जमिनीची उष्णता सहज निघून जात नाही. अशा वेळी पाणी नीट गोठत नाही आणि खेळ बंद ठेवावा लागतो.

दुसरी रीत माणसाची. ती समजून घ्यायला आपण कुल्फीवाल्याकडे जाऊ. तो मटक्यात बर्फाबरोबर मीठ का घालतो? मिठामुळे बर्फ वितळू लागतो. वितळताना तो आजूबाजूची उष्णता शोषून घेतो. त्यामुळे मटक्यातील मिश्रण ० अंश सेल्सिअसच्याही खाली थंड होते आणि कुल्फी गोठते. खारे पाणी मात्र ० अंशालाही गोठत नाही, वाहतच राहते.

यंत्राने मैदान तयार करताना खाऱ्या पाण्याच्या याच गुणाचा उपयोग करतात. मैदानाच्या तळाशी नळ्यांचे जाळे असते. यंत्राने ० अंशाच्या खाली थंड केलेले खारे पाणी, किंवा तसेच न गोठणारे दुसरे द्रव, त्या नळ्यांतून सतत फिरत राहते. वर साध्या पाण्याचे पातळ थर देतात. ते गोठून सुमारे ३ सेंटिमीटर जाडीचा बर्फ तयार होतो.

खेळताना बर्फावर ओरखडे पडतात. ते घालवण्यासाठी मैदानावर एक गाडी फिरवतात. ती वरचा थर खरवडते आणि मागे गरम पाणी पसरत जाते. गरम पाणी ऐकून नवल वाटले ना? ते जुन्या बर्फाचा पृष्ठभाग किंचित वितळवते, त्यामुळे नवा थर त्याच्याशी एकजीव होतो. अमेरिकेतील फ्रँक झांबोनी यांनी १९४९ साली अशी गाडी तयार केली.

सपाट मैदानाप्रमाणे डोंगराच्या उतारावरही हिवाळी खेळ खेळतात. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येण्याच्या खेळाला स्कीइंग म्हणतात. काश्मीरमधील गुलमर्ग त्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे डोंगरावर चढण्यासाठी तारेवरून चालणारे डबे आहेत. त्यांना गोंडोला म्हणतात. त्याचा पहिला टप्पा १९९८ साली आणि दुसरा २००५ साली सुरू झाला. याच उतारांवर आरिफ खान लहानपणी स्कीइंग शिकले. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भाग घेणारे ते एकमेव भारतीय खेळाडू होते.

पण आता निसर्गाच्या बर्फाचा भरवसा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलमर्गला पुरेसा बर्फ नव्हता. म्हणून तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. मग यंत्राचे मैदानच बरे, असे तुम्ही म्हणाल. पण त्यालाही अडचणी आहेत. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी डेहराडून येथे छपराखालचे मोठे मैदान बांधले. स्पर्धा संपल्या. विजेचा आणि देखभालीचा खर्च झेपेना, म्हणून ते मैदान अनेक वर्षे बंद राहिले. दुरुस्तीनंतर २०२५ साली ते पुन्हा सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये तेथे आशियाई स्पर्धा झाली. मैदान एकदाच बांधावे लागते, पण थंड मात्र रोज ठेवावे लागते.

मुंबईत बर्फ पडत नाही. तरीही महाराष्ट्राच्या मुलामुलींनी लेह येथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत स्केटिंगमध्ये पदके मिळवली आहेत. चाकांच्या बुटांवर सराव करून अनेक खेळाडू पुढे बर्फाकडे वळतात. तोल सांभाळणे, गुडघे वाकवून वळणे, पडल्यावर पुन्हा उठणे हे सिमेंटच्या जमिनीवरही शिकता येते. त्यासाठी बर्फ नसला तरी चालेल, पण मोकळी आणि सपाट जागा हवी. तुमच्या शाळेला किंवा वस्तीला असे मैदान असेल, तर त्यात कचरा टाकू नका आणि कोणाला टाकू देऊ नका. राखले तरच मैदान टिकते, मग ते बर्फाचे असो की मातीचे.

स्वाध्याय

१. शिमल्याचे खेळाडू सकाळी लवकर का खेळतात?
२. कुल्फीवाला बर्फात मीठ का घालतो?
३. डेहराडूनचे मैदान अनेक वर्षे बंद का राहिले?
४. 'एकजीव होणे' आणि 'भरवसा नसणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.