तापलेला घोडा आणि गार पाण्याची बादली

लग्नसराईत एका वाचकाने विचारलं आहे, ‘वरातीचा घोडा भर उन्हात उभा होता. अंगावर पाणी ओता म्हटलं, तर घोडेवाला म्हणाला, तापलेल्या अंगावर गार पाणी पडलं की घोडा आखडतो. हे खरं का?’

खरं नाही. पण घोडेवाल्याला हसू नये. तीसेक वर्षांपूर्वी ऑलिंपिकच्या घोड्यांभोवती वावरणारी बडी मंडळीही हेच मानत.

घोडा हा मुळात उष्णतेचा कारखाना. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेतली तीन चतुर्थांशाहून अधिक उष्णता बनते. पाचशे किलोच्या धुडात ती साठते आणि बाहेर पडायला कातडी त्या मानाने तोकडी पडते. तोंडाने घोडा श्वास घेऊ शकत नाही, त्यामुळे कुत्र्यासारखी जीभ काढून धापा टाकायची सोय नाही. उरतो घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तेवढ्यावर अख्खा घोडा एका अंशाहून जास्त थंड होऊ शकतो. कडक मेहनतीत घोडा तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळतो.

इथे मला जरा रेंगाळू द्या. माणसाचा घाम उघड्या कातडीवर येतो. घोड्याचा येतो दाट, तेलकट केसांच्या बुडाशी. तेल चोपडलेल्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं तर ते नुसतं ओघळून जातं, रिठा चोळला की तेच पाणी केसाकेसात शिरतं. घोडा हा रिठा स्वतःच्या घामातच बनवतो! लॅथरिन नावाचं हे प्रथिन ग्लासगोच्या संशोधकांनी १९८६ साली वेगळं काढलं. त्यामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, घाम केसांच्या टोकापर्यंत पसरतो आणि वाऱ्याला वाळवायला भरपूर ओला पृष्ठभाग मिळतो. खोगिराच्या कडेला, लगामाखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला, जिथे जिथे घासतं तिथे पांढरा फेस दाटतो, तो याचाच. लॅथरिन लाळेतही सापडतं. कोरडी वैरण भिजवायला ते मदत करत असावं, असा संशोधकांचा कयास आहे.

मात्र या घामाची किंमत जबर आहे. आपल्या घामात मीठ रक्ताहून बरंच कमी असतं. घोड्याच्या घामात ते रक्ताइतकं किंवा थोडं जास्तच, लिटरमागे साधारण दहा ग्रॅम क्षार. पाणी आणि मीठ बरोबरीने गेल्यामुळे रक्त दाट खारट होत नाही, म्हणून मेंदूला तहानेची वर्दी उशिरा पोचते. पाण्यावाचून सुकलेला घोडा बादलीकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याचं कारण हे. यावर बाजारात रंगीत डब्यांतून महागडी मिश्रणं विकली जातात. रोजच्या रपेटीच्या घोड्याला चंदीत थोडं साधं मीठ आणि पोटभर वैरण सहसा पुरते. पाणी न पाजता नुसते क्षार चारले, तर आतड्यात आणखी पाणी ओढलं जाऊन घोडा अधिकच सुकतो. हे डब्यावर ठळक छापायला हवं.

शिवाय घाम वाळला तरच उपयोग. नागपूरच्या कोरड्या उन्हात तो उडून तरी जातो. मुंबईत मे महिन्यात पारा दहा अंशांनी खाली असला, तरी घाम नुसता ओघळतो. पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता आत तशीच.

हीच धास्ती १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी होती. जॉर्जियातल्या दमट जुलैत घोडे पळवायचे कसे? लिओ जेफकॉट, डेव्हिड मार्लिन आदी संशोधकांनी दमट, तापवलेल्या खोलीत घोडे ट्रेडमिलवर पळवले आणि त्यांच्यावर गारेगार पाणी ओतून पाहिलं. स्नायू आखडले नाहीत आणि अंगाचं तापमान झपाट्याने उतरलं. अटलांटात मग अंतर कमी केलं, जादा विश्रांती ठेवली, पाण्याचे तुषार उडवणारे पंखे लावले. घोडे सोडायचे की नाही, हे ऊन, वारा आणि दमटपणा एकत्र मोजणाऱ्या निर्देशांकावर ठरलं. या मोजमापाची मूळ कल्पना १९५० च्या दशकातली. अमेरिकी मरीन दलातले नवे रंगरूट कवायतीत उष्माघाताने कोसळत, म्हणून कॉन्स्टंटिन याग्लू आणि डेव्हिड मिनार्ड यांनी ती मांडली. आज कारखान्यातल्या मजुरापासून फुटबॉलपटूपर्यंत सगळ्यांना ती लावतात; याग्लूचं नाव कुणी घेत नाही, याची मला उगीच चुटपुट लागते.

पुढे टोकियो ऑलिंपिकच्या सुमारास जपानी संशोधकांनी रेसच्या घोड्यांवर निरनिराळे उपाय ताडून पाहिले. सरस ठरला तो नळाच्या पाण्याचा अखंड शॉवर. तेव्हा वरातीच्या घोड्याला सावलीत न्या, झूल आणि खोगीर उतरवा आणि पाणी ओतत राहा, मानेवर, पाठीवर, पुठ्ठ्यांवर, सगळीकडे. अंगावरचं पाणी निपटत बसू नका, ओली चादरही टाकू नका. प्यायला बादली पुढे ठेवा. गार पाण्याने पोट दुखतं, हाही त्याच जातीचा समज. निरोगी घोड्याचं तापमान ३८ अंशांच्या आसपास असतं. ते ४१ च्या पुढे गेलं, पाय लटपटू लागले, तर पाणी चालू ठेवूनच डॉक्टरांना फोन करा.

आणि उन्हात राबूनही घोड्याचं अंग कोरडं ठणठणीत लागलं, तर तो काटक आहे असं समजू नका. उष्ण, दमट प्रदेशात काही घोड्यांचा घामच आटतो. ब्रिटिशांनी थंड मुलखातून आणलेल्या घोड्यांत हा आजार पूर्वीच नोंदवला गेला होता. त्यावर नाना औषधं करून झाली, हमखास गुण कशाचाच नाही. अशा घोड्याला कामावरून सोडवून थंड हवेच्या ठिकाणी हलवलं, की बहुतेकदा घाम पुन्हा सुटतो.