कापडी छतातील साचलेले पाणी धोक्याचे. पावसाळ्यात निगा आवश्यक

बेंगळुरू : के. आर. पुरमसारख्या गजबजलेल्या उपनगरात दुकानांपुढील गुंडाळती कापडी छते आणि ताडपत्र्या हा विक्रेत्यांचा मोठा आधार असतो. मात्र, बेंगळुरूत एप्रिल-मेमधील वळवाच्या सरींपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस पडत असल्याने या छतांची निगा हा सुरक्षिततेचा आणि आरोग्याचाही प्रश्न ठरतो.

छताला पुरेसा उतार नसल्यास कापडाला झोळ पडून पाणी साचते. तीन मीटर लांब व तितक्याच रुंद छतावर १० मिलिमीटर पाऊस पडल्यास सुमारे ९० लिटर, म्हणजेच ९० किलो पाणी पडते. त्यातील थोडे जरी झोळात राहिले तरी शिवण उसवू शकते किंवा आधाराचे दांडे वाकू शकतात. त्यामुळे छताची एक बाजू खाली ठेवून पाण्याला वाट द्यावी.

साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारे एडिस डास अंडी घालतात. उष्ण हवामानात अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. कर्नाटक सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित करून डासांच्या पैदाशीस कारणीभूत ठरणाऱ्यांसाठी दंडाची तरतूद केली. आठवड्यातून किमान एकदा झोळ व घड्या तपासणे म्हणूनच गरजेचे आहे.

प्लास्टिकचा थर असलेल्या कापडावर बुरशी धरते ती मुख्यतः त्यावरील धूळ आणि पालापाचोळ्यामुळे. त्यामुळे आधी मऊ ब्रशने कोरडी घाण झाडावी. नंतर सौम्य साबण व कोमट पाण्याने कापड धुऊन साबण पूर्णपणे काढून टाकावा. तीव्र डिटर्जंटमुळे विणलेल्या कापडावरील जलरोधक लेप निघून जातो. उत्पादकाची सूचना पाहिल्याशिवाय ब्लीच वापरू नये.

छत ओले असताना गुंडाळू नये. पावसात तसे करावेच लागले, तर ऊन पडताच ते उघडून दोन्ही बाजूंनी वाळवावे. सोसाट्याचा वारा सुटल्यास मात्र छत उघडे ठेवू नये.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. अशा वाहनांच्या बाजूला बसवलेल्या छतांनाही हेच नियम लागू पडतात. प्रवासाला निघण्यापूर्वी छत पूर्ण गुंडाळून त्याची कुलपे लागली आहेत का, हे तपासणे तेथे अत्यावश्यक असते.