इंग्रजीचा पाठ व मुलांचे पूर्वज्ञान

राज्यात सन २००० पासून पहिलीच्या वर्गापासूनच इंग्रजी शिकविले जाते. तथापि पुस्तक उघडताच पुष्कळ मुले गप्प होतात, असे शाळाभेटींत आढळते. ‘आपणांस यातले काहीच येत नाही’ ही त्यांची समजूत प्रथम दूर केली पाहिजे.

मागील पाठावर दोन प्रश्न विचारले, एवढ्याने पूर्वज्ञान जागृत होत नाही. बाजाराचा पाठ असल्यास पुस्तक मिटलेले ठेवून आठवडेबाजाराविषयी मराठीतूनच विचारावे. चित्र दाखवून पाठात काय असेल, याचा तर्क करू द्यावा. मुलांच्या तोंडी येणारे बस, तिकीट, बिस्कीट, डझन हे शब्द फळ्यावर इंग्रजीत लिहावेत. यांतील काही आपणांस आधीच येते, हे त्यांना उमगेल.

मात्र पूर्वज्ञान कधी चकवितेही. गावात ‘हॉटेल’ म्हणजे चहाभज्यांचे दुकान. पुस्तकात मुक्कामाची जागा. ‘लाईट गेली’ म्हणताना लाईट म्हणजे वीज. इंग्रजीत प्रकाश किंवा दिवा. असा भेद तेथेच उलगडून सांगावा.

या विचारपुशीत पाच मिनिटे गेली, तरी वेळ वाया गेला असे शिक्षकबंधुभगिनींनी मानू नये. नेहमी मागे बसणारे मूल प्रथम बोलते, ते बहुधा याच वेळी.